पंचविसाव्या पानावरचा शिक्का

मार्च २०२२. वाचनालय बंद करायच्या बेताला सर आले. सर म्हणजे हायस्कूलमधून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक आणि आमच्या गावातले एकुलते एक छापील लेखक. १९९८ साली शहरातल्या एका प्रकाशकाने त्यांचा कथासंग्रह काढला होता. पुढे प्रकाशकाने धंदाच गुंडाळला आणि पुस्तक दुकानांतून गेलं ते गेलंच. त्या दिवशी सरांनी दारात चपला काढल्या नाहीत. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात त्यांच्याच पुस्तकाची पीडीएफ. दुबईतल्या एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या कौतुकाने पाठवलेली. त्याला ती टेलिग्रामवरच्या कुठल्याशा चॅनेलवर सापडली होती.

"सर, गावात पन्नासेक घरांत असेल तुमचं पुस्तक. कुणाची प्रत आहे, कसं सांगणार?" मी म्हणालो.

ग्रंथपाल मॅडमनी काही न बोलता मोबाइल हातात घेतला. बोटाने पानं सरकवत गेल्या आणि एका पानावर थांबल्या. मजकुराच्या खाली, समासाला चिकटून, जांभळा लंबगोल शिक्का. आमचा.

"पंचवीस नंबरचं पान," त्या म्हणाल्या. "आपलीच प्रत आहे."

हे प्रकरण मी लिहितोय ते दोन नात्यांनी. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, आणि पोटासाठी माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं दुकान आहे. वडिलांची ट्रेडल होती, म्हणजे जुनं छपाईयंत्र; एकेका अक्षराचे खिळे जुळवायचे. मी ऑफसेटची पॉझिटिव्हं काढली, आता लग्नपत्रिका आणि फ्लेक्स. म्हणजे पुस्तक छापणं आणि पुस्तक सांभाळणं, दोन्हीकडची बिघडलेली कामं माझ्याकडे येतात. गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. गावाचं आणि वाचनालयाचं नाव देत नाही, कारण चूक आमची होती आणि ती करणारं पोरगं आता चांगल्या नोकरीत आहे.

गुप्त पान म्हणजे काय ते आधी सांगतो. ग्रंथालयात पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो. शीर्षकपानावर शिक्का बसतो, आणि शिवाय प्रत्येक ग्रंथालयाचं एक ठरलेलं आतलं पान असतं, तिथेही एक शिक्का. पुस्तक चोरणारा पहिलं पान फाडतो, आतलं त्याच्या लक्षात येत नाही. आमचं पान होतं पंचविसावं. पीडीएफ चॅनेलवर चढवणाऱ्याने शीर्षकपानावरचा शिक्का व्यवस्थित कापून टाकला होता. पंचवीसचं त्याला ठाऊक नव्हतं. रद्दीवाल्याकडची पुस्तकं ओळखता यावीत म्हणून कुणीतरी घालून दिलेली ही पद्धत टेलिग्रामवर उपयोगी पडली.

पाण्यात काय गेलं

मूळ शोधायला ऑगस्ट २०१९ मध्ये जावं लागतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या आठवड्यात पुस्तकांचं नाव काढायचीसुद्धा लाज वाटावी असे दिवस होते.

पाणी ओसरल्यावर कुलूप काढलं. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती, की कपाटाचे पत्रे बाहेर आले होते. ओढून एक पुस्तक निघेना. शेवटी कपाट आडवं पाडून ठोकून ठोकून काढली. दिवाळी अंकांतली गुळगुळीत रंगीत पानं एकमेकांना धरून विटा झाली होती; त्या कागदावरचा लेप ओला होऊन वाळला की पानं पुन्हा सुटत नाहीत. साध्या कागदावरची पुस्तकं जमतील तेवढी पंख्याखाली उभी केली, पानांत रद्दी घालत बसलो. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि गावात वीजच पाचव्या दिवशी आली.

पण खरा घाव वेगळ्याच ठिकाणी बसला होता. दाखल नोंदवही मॅडमच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात असायची. शाईच्या पेनाने लिहिलेली, पन्नासेक वर्षांची. तिचा निळा लगदा झाला होता.

पुस्तकं गेली हे दिसत होतं. कोणती गेली हे सांगता येत नव्हतं. भिजलेलं पुस्तक आपण सरळ उकिरड्यावर टाकू शकत नाही. त्याचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करावं लागतं; निर्लेखनाला यादी लागते, यादीला दाखल क्रमांक लागतो, किंमत लागते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारं आमचं 'ब' वर्गातलं वाचनालय. तपासणीला साहेब येतात तेव्हा ते आधी नोंदवही मागतात, पुस्तक नंतर. नोंदवहीत नसलेलं पुस्तक कपाटात असूनही नसतं.

पुढचे चौदा महिने मॅडम आणि मी ती वही पुन्हा जुळवत होतो. अनुदानाच्या फायलींतली बिलं, लेखापरीक्षकाकडच्या प्रती, वाचलेल्या पुस्तकांच्या पाठपानावरचे क्रमांक, जुन्या सभासदांची देवघेव कार्डं. सगळं एक्सेलमध्ये. तिथे निराळीच गंमत. एका फायलीत 'माडगूळकर ग. दि.', दुसरीत 'ग.दि. माडगुळकर', तिसरीत नुसतं 'गदिमा'. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात, संगणकाला तीन माणसं. 'कांहीं' आणि 'काही'चंही तेच. शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, अनुस्वार गळाले; त्याआधीच्या पुस्तकांची शीर्षकं आम्ही छापली होती तशी लिहिली, आणि शोधताना आजच्यासारखी शोधली. सापडेनात. मग शीर्षकाचे दोन रकाने केले, एक छापील, एक आजचं. कोहा नावाची न्यूझीलंडमध्ये जन्मलेली फुकट ग्रंथालयप्रणालीही एका हौशी अभियंत्याने बसवून दिली होती. ती लिनक्सवर चालते. तो अभियंता बदली होऊन गेला आणि आम्ही एक्सेलवर परत आलो. बरी होती, पण गावात ती दुरुस्त करणारं कुणी नव्हतं.

आप्पांचा हुकूम

नोंदवहीचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. स्कॅनर भरतो. पुण्यात आयटीत असलेल्या आमच्या गावच्या एकाने पुरानंतर स्कॅनर आणि दोन टीबीची हार्ड डिस्क दिली. नारळ फुटला, फोटो निघाला. अध्यक्ष आप्पा म्हणाले, "आता पूर येऊ दे न्हाईतर काय बी येऊ दे. समदी पुस्तकं त्यात घाला अन् ग्रुपवर टाका. गाव वाचू दे."

हिशोब मी तेव्हाच मांडून दाखवला होता. डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १६५० बाय २५५०, म्हणजे बेचाळीस लाख ठिपके. रंगीत, न दाबता ठेवलं तर एक पान साडेबारा एमबी आणि ३०० पानांचं पुस्तक पावणेचार जीबी. दोन टीबीत अशी सव्वापाचशेच पुस्तकं मावतात. जेपीईजी करून दाबली तर कितीतरी पट जास्त, पण मग फिकट छपाईची अक्षरं जातात. शिवाय कुणी पानं उलटायची? बरं, डिस्क एकच, ठेवणार कुठे, तर त्याच टेबलाच्या खणात. आप्पा म्हणाले, "तू लई खोलात जातोस."

मग मार्च २०२० उजाडला आणि वाचनालयच बंद झालं, ते थेट ऑक्टोबरला उघडलं. म्हातारी सभासद मंडळी फोन करून पुस्तकं मागायची. अभ्यासिकेत एमपीएससी करणारा एक पोरगा होता. वाचनालयाची एक चावी त्याच्याकडे असायची. त्याने आपणहून मोबाइलवर पानांचे फोटो काढून पीडीएफ करायला घेतलं आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागला. कुणाकडून पैसा घेतला नाही. आम्ही सगळ्यांनी अंगठे वर केले, मीसुद्धा. ते अंगठे ग्रुपवर अजून आहेत.

सरांची पीडीएफ त्यातलीच. तारीखही ताडता येत होती. त्याच्या सुरुवातीच्या फायलींच्या कोपऱ्यात कॅमस्कॅनरचं नाव उमटलेलं असायचं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात तेही गेलं आणि पोराने दुसरं ॲप घेतलं. सरांच्या पानांवर ते नाव नव्हतं, म्हणजे जूननंतरची.

त्याला बोलावलं. तो रडकुंडीला आला. "दादा, ग्रुपवर आपलीच सव्वाशे माणसं. सभासदांनाच दिलं की. पुस्तक घरी द्यायचं ते मोबाइलवर दिलं."

त्याचं म्हणणं ऐकायला सरळ वाटतं, म्हणून मी त्याला कपाटापाशी नेलं. एक पुस्तक काढलं की शेजारचं कलंडतं, जागा रिकामी दिसते. दुसरा सभासद आला की मॅडम म्हणतात, बाहेर गेलंय, पंधरा दिवसांनी या. आमची सगळी देवघेव त्या रिकाम्या जागेवर चालते. पीडीएफ दिली तर कपाटात काही हलत नाही. सव्वाशेजणांना दिली आणि आपली आपल्याकडेच. त्यातल्या एकाने पुढे ढकलली की आपण तिला परत या म्हणू शकत नाही.

सरांची तक्रार नेमकी कशाची होती

आम्हाला वाटलं, सर पैशांवरून चिडलेत. कुठले पैसे? १९९८ नंतर त्यांना रॉयल्टीचा रुपया आला नव्हता. त्यांनी विद्यार्थ्याचा मेसेज वाचून दाखवला. शेवटच्या कथेबद्दल त्याने लिहिलं होतं, 'सर, तुम्ही शेवट उघडा ठेवलात, ते फार आवडलं.'

"मी शेवट उघडा ठेवलेला नाही," सर म्हणाले. "मी शेवट लिहिलाय."

पुस्तक १६० पानांचं. पीडीएफ १५९ ला संपत होती. आमची प्रत तिसऱ्या कप्प्यात होती. पाणी तिथवर आलं नाही, ओल आली. बांधणीची खळ सुटून शेवटचं पान मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या कागदाला चिकटलं होतं. पोराने ते पुठ्ठ्यासकट उलटलं आणि पुस्तक संपलं असं समजला. चॅनेलवरून घेऊन ज्या कुणी ते वाचलं, त्यांनी १५९ पानांचंच पुस्तक वाचलं. सरांच्या स्वतःच्या प्रती पुरात गेलेल्या, त्यामुळे पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्याकडे तरी काय होतं? मॅडमनी तिथल्या तिथे स्टीलची फूटपट्टी घेतली, एका कोपऱ्यातून हळूहळू आत सारली, मधे दोनदा थांबल्या. पाऊण तास लागला. पान सुटलं. १६० वर दोन ओळींचा खळीचा डाग राहिला. सर ते उभ्यानेच वाचत राहिले, मग चपला काढून बसले.

कायदा काय म्हणतो

कार्यकारिणीची बैठक झाली. सांगलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका सभासदाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची कलमं वाचून दाखवली. आमच्या कामाचं तेवढं सांगतो.

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढल्या जानेवारीपासून मोजायची. नाटककार गो. ब. देवल आमच्या हरिपूरचे, १९१६ ला गेले, कधीचेच खुले. सांगलीत जन्मलेले नाटककार खाडिलकर १९४८ ला गेले, तेही खुले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०३० ला खुले होतील. वि. स. खांडेकर १९७६, म्हणजे २०३७. गदिमा १९७७, म्हणजे २०३८. आप्पांना हे पटेना. "अण्णा भाऊ आपल्या वाळव्याचे. त्यांचं पुस्तक आपण गावाला द्यायचं नाय?" द्यायचं की, आप्पा. विकत घेऊन, कपाटातून.

आता ग्रंथालयाला असलेली सूट. कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येतं. साठवता. वाटण्याबद्दल त्यात शब्द नाही. त्याच कलमात दुसरी जुनी सूट अशी, की पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करू शकतं. सरांचं पुस्तक नेमकं यात बसत होतं. पोराने तीन प्रिंट काढून, शिवून, कपाटात ठेवल्या असत्या तर सरांनीच त्याला चहा पाजला असता.

आणि एक गोष्ट सरांना स्वतःलाच माहीत नव्हती. प्रकाशकाशी त्यांचा करार म्हणजे एका पानाचं पत्र. त्यात मुदत लिहिलेली नव्हती. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, असं कलम १९ सांगतं. म्हणजे २००३ पासून हक्क सरांकडेच होते आणि ते एकोणीस वर्षं 'प्रकाशकाची परवानगी' शोधत बसले होते. मराठीत अशी किती पुस्तकं अडकली असतील याचा मी अंदाज करत नाही; माझ्या दुकानात मात्र असं पत्र घेऊन आलेले सर हे चौथे.

टेलिग्रामला सरांच्या नावाने तक्रार पाठवली. २०१३ च्या नियमांनुसार हक्कदाराची रीतसर तक्रार आली की साठवणाऱ्याने ३६ तासांत मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. एका चॅनेलवरून फाइल गेली. महिन्याने दुसऱ्यावर दिसली. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्या, असं टेलिग्रामला सांगितलं. पण दिल्लीत वकील लावणं कथासंग्रहाच्या लेखकाला परवडत नाही. सरांनी तो नाद सोडला.

तीन ढीग

मग पुस्तकांचे ढीग केले. अक्षरशः, सतरंजीवर. पहिला, हक्क संपलेल्यांचा: ही नीट स्कॅन करायची आणि खुली ठेवायची. हा ढीग वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, आणि त्यातलंही बरंचसं आधीच कुणी ना कुणी नेटवर चढवलेलं होतं. दुसरा, आजही दुकानात मिळणाऱ्यांचा: हात लावायचा नाही, फाटलं तर नवं घ्यायचं. तिसरा ढीग मोठा आणि कटकटीचा. हक्क जिवंत, पुस्तक बाजारात नाही, वारस कुठे आहेत पत्ता नाही. ही जतनापुरती स्कॅन करायची आणि मूळ प्रत उघडण्याजोगी नसेल तरच वाचनालयातल्या संगणकावर दाखवायची. ग्रुपवर नाही, पेन ड्राइव्हवर नाही.

मासिकांनी सगळ्यात छळलं. किर्लोस्करवाडी आमच्याच तालुक्यात. तिथून १९२० साली सुरू झालेलं 'किर्लोस्कर खबर', म्हणजे नंतरचं 'किर्लोस्कर', पुढे १९३० ला 'स्त्री', मग 'मनोहर', यांचे बांधीव खंड वरच्या कप्प्यात म्हणून वाचले. जिल्ह्याचा ठेवाच तो. पण एका अंकात वीस लेखक, प्रत्येकाचं मरणाचं साल वेगळं. निनावी मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं, सही असलेल्याला मृत्यूपासून. एक अंक घेऊन मी वही पेन्सिल धरून बसलो, सात नावांपुढे प्रश्नचिन्ह राहिलं. ते खंड आम्ही फक्त स्कॅन करून ठेवलेत.

उलट विश्वकोशाचं काम एका मिनिटात झालं. वाईला तयार झालेले २० खंड, पहिला १९७६ चा. सरकारनेच ते संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. आमचे खालच्या कप्प्यातले खंड भिजले तेव्हा जीव हळहळला, पण अभ्यासिकेतली पोरं ते मोबाइलवर वाचतात. छापणाऱ्यानेच खुलं केलं की ग्रंथालयाला चोरासारखं वागावं लागत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

आचारी आणि आचार्य

सरांना पुस्तक पुन्हा काढायचं होतं. मूळ फाइल? ती १९९८ ची, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टात. प्रकाशकाच्या डीटीपीवाल्याने दिलेली सीडी सरांकडे होती. पुरात न्हालेली, पत्रा सुटलेली. ती वाचली गेली असती तरी उपयोग थोडा. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. वर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करणारी किल्ली हवी, ते लावायला जुनं खाचेचं मशीन हवं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. वडिलांनी खिळ्यांवर छापलेलं १९६८ चं पुस्तक मी आज उघडून वाचू शकतो, आणि माझ्याच हाताने १९९९ ला लावलेलं पुस्तक मला उघडता येत नाही.

म्हणजे पूर्ण मजकूर हाताशी होता एकाच ठिकाणी, आमच्या प्रतीत. ज्या प्रतीवरून सरांच्या पुस्तकाची चोरी झाली तीच पुन्हा टेबलावर आली. या वेळी नीट स्कॅन केली, १६० पानं मोजून. करायला कोण? तोच पोरगा. सरांनीच मागितला.

स्कॅनवर ओसीआर चालवलं, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारं सॉफ्टवेअर. देवनागरीचं ओसीआर दहा वर्षांपूर्वीपेक्षा खूपच सुधारलंय, पण 'घ'चा 'ध' करतं, 'भ'चा 'म' करतं, 'ख' दिसला की 'रव' लिहितं, अनुस्वार कागदावरचा डाग समजून पुसतं आणि डाग अनुस्वार समजून ठेवतं. पंचविसाव्या पानावर एक शेतकरी बायकोशी भांडता भांडता मधेच 'सार्वजनिक वाचनालय' म्हणाला. शिक्का वाचला होता मशीनने.

सगळ्यात जास्त सतावलं त्या अर्ध्या रफाराने. लग्नाच्या पंगतीचा प्रसंग होता. सरांचं मूळ वाक्य, 'आचाऱ्यांना हाक मारा, रस्सा कमी पडतोय.' ओसीआरने लिहिलं, 'आचार्यांना हाक मारा, रस्सा कमी पडतोय.' पोराच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तर नाहीच, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. सर मोठ्याने वाचत होते म्हणून सापडलं. हसून हसून मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळ्या पुस्तकात 'र्य' शोधून एकेक तपासला: दर्या की दऱ्या. दुसरा इलाज नाही, डोळ्यांनीच. तीन मुद्रितं, म्हणजे प्रुफं काढली.

छपाईचं गणित बदललंय त्याचा सरांना फायदा झाला. ऑफसेटला १६० पानांचं डेमी म्हणजे १६ पानी १० फॉर्म, दोन बाजू धरून २० प्लेटा. प्लेटांचा आणि मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींना तोच, हजारांना तोच. म्हणून १९९८ ला प्रकाशकाने हजार काढल्या आणि त्यातल्या कितीतरी गोदामात कुजल्या. डिजिटल मशीनला प्लेट नाही. प्रतीमागे खर्च जास्त, पण दहा छापा नाहीतर शंभर, दर साधारण तोच. माझ्या हिशोबाने तीन-चारशेच्या पुढे गेलात तर ऑफसेट, अलीकडे डिजिटल. सरांनी आधी शंभर काढल्या, संपल्यावर पन्नास, मग पुन्हा पन्नास. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक केंद्र सरकारची संस्था फुकट देते, अर्ज सरांनी स्वतः भरला.

एक बाजू मात्र कुणी सांगत नाही. राज्यात अनुदानित ग्रंथालयं ११-१२ हजारांच्या घरात आहेत. पूर्वी मराठी प्रकाशक हजाराची आवृत्ती काढायचा ती त्यांच्या खरेदीच्या भरवशावर. ती खरेदी ठरते विक्रेत्याच्या याद्यांवर आणि सवलतीवर. पन्नास-पन्नास छापणाऱ्या लेखकाला मोठी सवलत परवडत नाही, यादीत नाव लागत नाही. पुस्तक पुन्हा जिवंत झालं, आणि जिल्ह्यातल्या किती ग्रंथालयांत पोचलं? माझ्या माहितीत पाच, त्यातली तीन सरांनी एसटीने जाऊन स्वतः भेट दिलेली.

पेन ड्राइव्ह

छापील नवी प्रत सरांनी वाचनालयाला दिली तेव्हा मॅडमनी ती एक्सेलमध्ये चढवली आणि नव्या नोंदवहीतही लिहिली. नोंदवही आता बॉलपेनने लिहितात, आणि दर महिन्याला तिच्या पानांचे फोटो तीन ठिकाणी जातात: माझ्याकडे, लेखापरीक्षकाकडे, पुण्याच्या त्या देणगीदाराकडे. शिक्के मारले. गुप्त पान आम्ही बदललंय, कोणतं ते इथे लिहीत नाही.

ई-पुस्तकही निघालं. दुबईच्या विद्यार्थ्याने करून दिलं, शेवटच्या पानासकट. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं चालतात, तिथेही ते लागलं. आप्पा लगेच म्हणाले, वाचनालयासाठी एक घेऊ. घेता येईना. किंडलवर आपण पैसे देऊन घेतो तो वाचायचा परवाना, एका खात्यापुरता. तो सभासदांत फिरवता येत नाही. अमेरिकेत ग्रंथालयांना ई-पुस्तकं उसनी देता येतात, पण तिथेही हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये ठरवलं की एक प्रत २६ वेळा दिली की संपली, पुन्हा विकत घ्या. आमच्याकडे निदान कागदाचं पुस्तक सत्ताविसाव्या माणसालाही मिळतं, शिवण सुटलेली असली तरी.

शेवटी सरांनी ई-पुस्तकाची फाइल पेन ड्राइव्हवर घालून आणली. सोबत सहीचं पत्र: 'वाचनालयातल्या संगणकावर कुणालाही वाचू द्यावी, बाहेर देऊ नये.' मॅडमनी पत्र फाइलला लावलं, नोंदवही उघडली, पुढचा दाखल क्रमांक लिहिला. पानांचा रकाना आला तिथे थांबल्या, कारण ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. तिथे रेघ मारली. मग शाईचा पॅड उघडला, पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि सरांना विचारलं, "सर, ह्याला शिक्का कुठं मारू?"

सरांनाही सांगता आलं नाही. मॅडमनी शेरा रकान्यात 'लेखकाकडून भेट, शिक्का नाही' असं लिहिलं आणि पेन ड्राइव्ह कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला.